नदीचं दुखणं सगळ्यांना माहितीये, मग घोडं पेंड कुठे खातं?

नासर्डीकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकला गोविंदनगरच्या बाजूला राहते. आमच्या कॉलनीच्या मागून एक नाला जातो आणि पुढे नासर्डीला मिळतो. कागदावर तिचं नाव नंदिनी, पण आमच्या तोंडी नासर्डीच. सासूबाई सांगतात की त्यांच्या वेळी दसऱ्याच्या आधी सगळ्या बायका नासर्डीवर गोधड्या धुवायला जायच्या. मी २००१ साली लग्न होऊन आले तेव्हा गोधड्या बंद झाल्या होत्या पण दिवाळीपर्यंत नाल्याचं पाणी बऱ्यापैकी नितळ दिसायचं. आता बारा महिने पाणी वाहतं आणि बारा महिने खिडक्या बंद. गेल्या मार्चपासून तर रात्री साडेबारा-एकला असा उग्र वास सुटतो की धाकट्याला खोकल्याची उबळ येते, आणि सकाळी बघावं तर पुलाखाली पांढरा फेस.

मग तक्रार करायची ठरवली. आठ महिन्यांत चार कार्यालयं झाली. पहिल्या ठिकाणी म्हणाले पाणी कुठून येतं ते आधी शोधून सांगा. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले नाला आमच्या हद्दीत आहे पण सोडणारे आमच्या हद्दीत नाहीत. तिसरीकडून माणूस आला, नमुना घेऊन गेला, पण तक्रारीनंतर अकरा दिवसांनी आणि दुपारी तीन वाजता, तेव्हा पाणी साधंच होतं. चौथीकडे ऑनलाइन तक्रार होती, एक दिवस मेसेज आला की निराकरण झाले. त्याच रात्री वास होता.

मला कोणा एका माणसावर राग काढायचा नाहीये. चारही ठिकाणी लोक नीट बोलले, एका बाईंनी तर चहा दिला. पण मला कळत नाहीये की अडतं नक्की कुठे. कायदे नाहीत म्हणावं तर पाण्याचा कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, हरित न्यायाधिकरण २०१० पासून. राज्यघटनेत १९७६ सालीच कलम ४८-अ आणि ५१-अ आलं, म्हणजे सरकारचंही कर्तव्य आणि आपलंही. तरी २०२२ च्या जागतिक पर्यावरण निर्देशांकात १८० देशांत आपला नंबर १८० वा. सरकारने ती पद्धत मान्य केली नाही, ठीक आहे, पद्धतीवर वाद असू शकतो, पण माझ्या खिडकीतून येणाऱ्या वासावर काय वाद घालणार?

ज्यांनी आतून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_पाटबंधारे

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी गोदावरी खोऱ्यात.

एक नदी किती खात्यांत वाटली गेलीय ते बघा. धरण आणि कालवा जलसंपदाचा. गंगापूर धरणातून पिण्याचं पाणी उचललं की ते महापालिकेचं. तेच पाणी मोरीतून परत नदीत आलं की त्याची प्रत तपासणार प्रदूषण नियंत्रण मंडळ. काठची जमीन आणि वाळू महसूलची. जमिनीखालचं पाणी भूजल सर्वेक्षणवाल्यांचं. कारखान्याचा भूखंड एमआयडीसीचा. आणि खाली नांदूर मध्यमेश्वरला पोचलं की तिथे वन्यजीव विभाग, कारण ते अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. शंभर किलोमीटरच्या आत हे सगळं. प्रत्येकाचं लेखाशीर्ष, म्हणजे पैशाचं खातं वेगळं, वरचा सचिव वेगळा.

लोक म्हणतात खाती काम करत नाहीत. माझा अनुभव असा की बहुतेक जण आपापलं काम करतात, आणि नेमकं त्यातच नदी सुटते. माझ्या गोपनीय अहवालात किती हेक्टर भिजलं, आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी वेळेवर झाली का, पाणीपट्टी किती वसूल झाली हे रकाने होते. नदीत मासा आहे का असा रकाना नव्हता. तो कुठल्याच खात्याच्या अहवालात नाही. ज्याच्यासाठी बढती अडत नाही त्याच्यासाठी कोणी रात्री साडेबाराला नाल्यावर येणार नाही, हे कटू आहे पण खरं आहे.

दुसरं, मानकं बदलतात आणि यंत्रं तीच राहतात. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक या मलनिस्सारण केंद्रांची बांधणी जुन्या निकषावर झाली, सोडायच्या पाण्यात बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालायचा. पुढे निकष १० वर आला. निकष कडक करायला एक आदेश पुरतो, पण केंद्र सुधारायला निधी, निविदा, मंजुरी, जागा सगळं लागतं, त्यात वर्षं जातात, आणि तोवर शहर दुप्पट होतं.

सातपूर_शिफ्ट

काकांचं बरोबर आहे पण कारखान्याच्या आतली बाजू कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. नाव गाव सांगणार नाही, समजून घ्या.

मी जॉबवर्कच्या छोट्या शॉपमध्ये आहे, प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या पार्टवर मुलामा चढवायचं काम. वीस-बावीस पोरं. आमच्याकडे माल येतो मोठ्या कंपनीच्या व्हेंडरकडून, त्याच्याकडे अजून वरच्याकडून. पीसचा रेट वरून ठरून येतो आणि दरवर्षी कमीच करा म्हणतात. त्या रेटमध्ये पाणी शुद्ध करायचा खर्च कोणी धरलेलाच नसतो. केमिकलचा डोस, गाळ वाळवायचा, तो गाळ घातक कचरा म्हणून पैसे देऊन पाठवायचा, हे सगळं मालकाने स्वतःच्या मार्जिनमधून करायचं. जो करतो त्याचा पीस महाग पडतो, पुढच्या वर्षी ऑर्डर शेजारच्या शॉपला जाते. मी मालकाची बाजू घेत नाहीये पण मोठ्या कंपनीच्या गेटवर हिरवीगार बाग असते आणि त्यांच्याच पार्टचं पाणी आमच्यासारख्यांच्या ड्रेनेजमधून जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

आम्ही पोरं का बोलत नाही तर शॉप बंद झालं तर हप्ता कोण भरणार. प्रदूषण बोर्डाची बंदची नोटीस आली की मालकाच्या आधी आम्ही घरी बसतो, त्या दिवसांचा पगार देणारा कुठलाही नियम आमच्यापर्यंत पोचत नाही कारण आम्ही ठेकेदाराच्या मस्टरवर. म्हणून बघितलं तरी न बघितल्यासारखं करायचं. ताई, तुमच्याकडे रात्री वास येतो ना, आमच्यातल्या बऱ्याच जणांची घरं पण त्याच नाल्याच्या कडेला आहेत, तुमच्या वरच्या अंगाला.

सिडकोची_पोर

तपासणारे तरी किती आहेत? देशभरातल्या राज्य प्रदूषण मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी आहेत, हरित न्यायाधिकरणाने कितीदा भरा म्हणून सांगितलंय. एक अधिकारी किती कारखाने बघणार. आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढून दंड ठेवला, दहा हजार ते पंधरा लाख. मोठ्या उद्योगाला पंधरा लाख म्हणजे एका महिन्याचा खर्च पण नसेल.

निफाडचा_बागायतदार

राम राम. शहरातली मंडळी कारखान्यांबद्दल बोलतायत, आता शेताबद्दल मीच बोलतो, दुसऱ्या कोणी बोलायच्या आधी.

माझी साडेतीन एकर द्राक्षबाग, निर्यातीची. एक गोष्ट सांगतो जी या धाग्याला धरून आहे. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश जास्त सापडले म्हणून. वेलीची वाढ रोखायचं औषध ते, आपण त्याला सीसीसी म्हणतो. त्या वर्षी आमच्या भागात काय अवस्था झाली होती ते ज्यांच्या बागा होत्या त्यांना विचारा. ग्रेपनेट २००६ पासूनच होतं, प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, लॅबचा रिपोर्ट, पण त्या दणक्यानंतर सगळेच सुधारले. आज माझ्या प्लॉटवर गोडी छाटणीपासून (फळासाठीची, ऑक्टोबरातली) काढणीपर्यंत काय कधी मारलं ते तारखेनिशी लिहिलेलं आहे, काढणीआधी नमुना लॅबला जातो, आणि पेटीवरच्या नंबरावरून तिकडच्या माणसाला माझा प्लॉट सापडतो.

आता बघा, शेतकरी तोच, बागही तीच. युरोपातल्या पोराच्या पोटात काय जातंय याचा हिशोब मिलिग्रॅममध्ये ठेवतो, पण माझ्याच बांधाखालच्या ओढ्यात काय उतरतंय, गावच्या विहिरीत काय उतरतंय, ते कोणी मला विचारलं नाही आणि मी पण कोणाला सांगितलं नाही. म्हणजे आम्हाला जमत नाही असं नाहीच. तिकडे न केल्यास माल परत येतो, इकडे न केल्यास काहीच होत नाही.

बोअरचंही तसंच. भूजल कायदा २००९ चा, २०१४ पासून लागू, साठ मीटरपेक्षा खोल जायला मनाई. म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटावर थांबलेलं बोअर मला दाखवा. पाचशे-सहाशे सर्रास. गाडी रात्री येते, सकाळी निघून जाते, तलाठ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना माहीत, पण सगळ्यांच्याच बोअरला तीच गाडी आलेली असते. आणि वर प्लॅस्टिकचं शेततळं. योजनेत नाव पावसाचं पाणी साठवायला, भरतात विहिरीतून. जमिनीखालचं गार पाणी वर आणून उन्हात ठेवायचं. माझ्याकडे पण आहे. न करून सांगतो कोणाला, एप्रिलला खरड छाटणीला पाणी नसेल तर पुढच्या वर्षीची काडीच तयार होत नाही.

नासर्डीकाठ

दादा, इतकं सरळ लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. एक विचारते, राग मानू नका. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे ना, मग उपसा वाढणारच की. थोडी तरी किंमत लावली तर फरक पडेल का?

निफाडचा_बागायतदार

राग कसला ताई. पडेल, पण नुसती वीज महाग केली तर मरेल कोण ते बघा. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली, लासलगावला भाव कोसळले, मे पर्यंत तसंच. ज्याला उद्याचा भाव माहीत नाही तो दहा वर्षांनंतरच्या भूजलाचा विचार कुठून करणार? भावाची थोडी खात्री द्या आणि मग पाणी मोजून विका, आम्ही मोजून घेऊ. आधी काठी आणि नंतर भाकरी, असं उलटं चालत नाही. मोफत विजेने आमचं भलं झालं असं मला पण वाटत नाही, तो भाव न देण्याचा मोबदला आहे.

गोदाकाठची

मी पंचवटीतली, जन्म सगळा नदीच्या आवाजात गेला. संस्थांबद्दल बरंच झालं, समाजाबद्दल कोणीतरी बोला की.

आमच्याकडे पूर किती आला ते दुतोंड्या मारुतीवर बघतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, २००८ च्या सप्टेंबरात तर बुडालाच होता. आख्खं गाव बघायला येतं, फोटो काढतं. त्या पुरानंतर पूररेषा आखल्या, निळी आणि लाल. आखल्यावर काय झालं? आमच्याच ओळखीतले लोक धावले, माझा प्लॉट रेषेच्या बाहेर काढा म्हणून. नदीला तिची जागा सोडावी असं म्हणणारा एक पण अर्ज गेला नसेल. आणि २००३ च्या सिंहस्थाच्या आधी पात्रात काँक्रीट ओतलं तेव्हा आम्हीच म्हणालो, बरं झालं, चिखल गेला, भाविकांचे पाय घसरणार नाहीत. खालची जुनी कुंडं गाडली गेली, झरे बुजले, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. कोर्टात जावं लागलं लोकांना. मी त्यात नव्हते, आज त्याचं वाईट वाटतं.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळं आहे. आपण नदीला गंगामाई म्हणतो, तिची आरती करतो, आणि निर्माल्याची पिशवी पुलावरून टाकतो, ती पण प्लॅस्टिकची. मी पूर्वी म्हणायचे लोकांना कळत नाही. आता तसं वाटत नाही. आपल्या मनात पक्कं बसलंय की घाण करणं आपला हक्क आणि उचलणं दुसऱ्या कोणाचं तरी काम. त्या दुसऱ्याला जात आहे. सफाईच्या नोकरीत बापाच्या जागी पोरगा लागतो, लाड-पागे समितीच्या शिफारशींनी तो वारसा हक्क झाला, त्या घरांना तो आधार आहे आणि काढून घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या गटारात कोण उतरतं हे आपल्याला ठाऊक असतं आणि म्हणूनच ओला सुका वेगळा करायला आपला हात पुढे होत नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, ते वेगळं करणं घंटागाडीवाल्यांचं काम, त्यांना पगार कशाचा मिळतो? कोणी उलट बोललं नाही. मी पण नाही बोलले त्या दिवशी.

घंटागाडी नाशिकने राज्यात फार लवकर सुरू केली, केवढा अभिमान वाटायचा आम्हाला. गाडी दारात आली पण दारातला माणूस बदलला नाही.

सातपूर_शिफ्ट

गोदाकाठची ताई, हे लिहायला धाडस लागतं. माझा चुलता ड्रेनेजवर होता. एवढंच लिहितो.

आधी_रोजगार

सगळ्यांचं वाचलं. मला एक प्रामाणिक शंका आहे. युरोपने शंभर दीडशे वर्षं नद्या काळ्या केल्या, श्रीमंत झाले आणि मग साफ केल्या. आपल्याला आत्ताच सांगतात सगळं एकदम करा. नाशकात चांगली नोकरी म्हणजे काय, पुण्याची बस पकडायची. मोठा प्रकल्प इकडे यायला तयार होत नाही आणि आपण आहे त्यांना अजून अटी घालायच्या? आधी पोट भरू द्या, मग नदी बघू असं म्हणणाऱ्याला पर्यावरणाचा शत्रू समजू नका.

नासर्डीकाठ

शत्रू नाही समजत दादा, माझा मोठा मुलगा पण पुण्यातच आहे. पण युरोपात नद्या काळ्या झाल्या तेव्हा तिथेही पटकी कामगारांच्याच वस्तीत पसरली ना. आणि त्यांना बाहेरून मालमत्ता आणता आली, वसाहती होत्या. आपल्याला मुख्य आधार गंगापूर धरणाचाच आहे. पोट आधी भरायचं म्हणता, ते द्राक्षावर, कांद्यावर आणि कारखान्यावर भरतं, तिन्हीला पाणीच लागतं.

सिडकोची_पोर

रोजगाराचंच बोलायचं तर बसचं बघा. मी कॉलेजला सिटीलिंकने, म्हणजे शहर बसने जाते, सातपूरहून पंचवटीला जायला कधी कधी तास. २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, बॅनर लागले, प्रकल्प पुढे सरकला नाही. त्याच्या वाट बघण्यात बसला कोणी मोठं मानलंच नाही. हवा सुधारायच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नाशिक आहे, २०१९ पासून, पण देशभर त्या पैशाचा मोठा भाग रस्त्यावरच्या धुळीवर गेला. धूळ दिसते, यंत्र घेता येतं, उद्घाटन होतं. रोजची बस वेळेवर आली याचं उद्घाटन होत नसतं. मैत्रिणीच्या वडिलांनी तिला शेवटी स्कूटी घेऊन दिली. असेच वाढतायत गाड्या.

पेठचा_मास्तर

उशिरा वाचतोय, रेंज नव्हती. आमच्या बाजूचं थोडं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. आणि मे महिन्यात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. शाळेत तेव्हा मुलींची हजेरी बघायची, कळतं पाणी किती लांब गेलंय. आमच्याकडचं पाणी पश्चिमेला वाहून जातं, त्याचे मोठमोठे प्रकल्प आखतात, ते पाणी पूर्वेला न्यायचे. गावाच्या डोक्यावर एक टाकी आणि खाली एक बंधारा, हे मात्र तीन योजनांत तीनदा मंजूर होऊन अर्धवट.

जंगलाबद्दल शहरात असं बोलतात की आदिवासी तोडतात. मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला जे हजारो लोक चालत गेले त्यांची मोठी मागणी काय होती आठवतंय का? वनहक्काचा कायदा २००६ चा आहे, त्याप्रमाणे जमीन नावावर करा. बारा वर्षं झाली होती कायद्याला. पाय सोलून निघाले तेव्हा दखल घेतली. माझ्या विद्यार्थ्याच्या घरचे अजून दोन गुंठ्यांच्या फरकासाठी प्रांत कार्यालयात खेटे घालतायत. त्याच्या आजोबांनी बांधावर सादडा, हिरडा जपलाय, कोणी सांगितलं नव्हतं. पण नातू विचारतो, उद्या ही जमीन आपली राहील का, मग आंब्याची रोपं लावू का नको? आंबा पाचव्या-सहाव्या वर्षी धरतो. त्याला मी काय उत्तर देऊ, तुम्ही सांगा.

गोदाकाठची

मास्तर, या प्रश्नावर काही सुचतच नाही. तपोवनातली झाडं २०२५ च्या नोव्हेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी तोडणार म्हणून खुणा केल्या, सतराशे-अठराशेचा आकडा होता, तेव्हा गावातली पोरं, म्हातारी माणसं, कीर्तनकार, सगळे जमले. तेव्हा मला वाटलं होतं की शहर जागं आहे. तुमच्या त्या आजोबांसाठी आमच्यातलं कोणी कधी जमलं नाही हे आत्ता वाचताना जाणवलं.

निवृत्त_पाटबंधारे

सगळे प्रतिसाद वाचले. नुसतंच निराश होऊन उठू नये म्हणून एक गोष्ट सांगतो, आपल्याच जिल्ह्यातली आणि माझ्या डोळ्यांसमोरची.

दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण. कालव्याच्या शेपटाला ओझर. ऐंशीच्या दशकात टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचायचंच नाही, वरचे उचलून घ्यायचे. बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून १९९० च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या. पाणी एकरावर न घेता घनमापाने, म्हणजे मोजून घ्यायचं, पट्टी आपण गोळा करायची, वाटपही आपणच करायचं. आमच्या खात्यातले कित्येक जण हसले होते तेव्हा. मी सुद्धा साशंक होतो. पुढे डोक्यापासून शेपटापर्यंत चोवीस संस्था झाल्या, आणि सबंध प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थेकडे आलं. २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला त्यामागे असल्या अनुभवांचा हात होता. वसुली आमच्यापेक्षा त्यांची चांगली. कारण वसूल करणारा आणि भरणारा एकाच पारावर बसतात.

निफाडकर दादा म्हणतात ना, मोजून द्या मोजून घेऊ, ते हवेतलं नाही. पण मग राज्यभर हे का पसरलं नाही? संस्था कागदावर हजारोंनी स्थापल्या, लक्ष्य पूर्ण करायला. वाघाडला आधी बारा-पंधरा वर्षं माणसं बसून बोलली होती, नंतर कायदा आला. बाकी ठिकाणी कायदा आला, फलक लागला, बोलायला कोणी बसलंच नाही.

आता दुसरं. जायकवाडीचा वाद तुम्हाला माहीत आहे. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र ठरलं, कोर्टात टिकलं, कटकटी होतात पण अमलात येतं. म्हणजे दोन विभागांत पाणी कसं वाटायचं याचं गणित आपण करू शकलो. त्या गणितात मराठवाडा आहे, नाशिक आहे, शेती आहे, पिणं आहे, उद्योग आहे. खुद्द नदीचा वाटा नाही. उन्हाळ्यात गंगापूरच्या खाली पात्रात जे वाहतं ते मुख्यतः आपलं सांडपाणी.

आणि तिसरं, हे मला फार दिवस सलतंय. २०२७ च्या सिंहस्थासाठी सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण केलं. चुकीचं केलं असं म्हणत नाही, एवढी गर्दी सांभाळायला सगळी खाती एका छताखाली हवीतच. पण मग हे सिद्धच झालं ना, की सगळी खाती एका टेबलाशी आणता येतात, एक प्रमुख नेमता येतो, फाइल आठवड्यात फिरते. जिच्यात स्नान करायचं तिच्यासाठी बाराही वर्षं चालणारं असं एक टेबल का नाही? मी आयुक्तालयातल्या समितीच्या बैठकांना बसलोय. बैठक होते, इतिवृत्त लिहितात, पण समितीला स्वतःचा पैसा नाही आणि कोणाची बदली करायचा अधिकार नाही.

आधी_रोजगार

काका, वाघाडचं माहीत नव्हतं. माझं आजोळ दिंडोरीला आहे तरी माहीत नव्हतं. एक म्हणणं तरी राहतंच, शेतकऱ्यांची संस्था जमली कारण सगळे शेतकरी होते. नाल्याच्या एका कडेला ताई, दुसऱ्या कडेला कामगार, वरती मालक. यांची संस्था कशी बनणार?

निवृत्त_पाटबंधारे

प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे तयार उत्तर नाही. वाघाडला पण वरचे आणि टेलचे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पूर्वी नगरसेवक आणि प्रभाग समिती ही त्यातल्या त्यात एक जागा होती, पण आपल्याकडे मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच नव्हती. जवळपास चार वर्षं शहर प्रशासकाच्या हातात. त्या काळात ताईंसारख्यांनी कोणाच्या दारात जायचं? आता निवडून आलेत, तर नाल्याचा विषय प्रभाग समितीच्या अजेंड्यावर लेखी घालायला सांगा, तोंडी नको.

आणि ताई, नमुन्याचं. कायद्यात नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे, सोडणाऱ्याला नोटीस देऊन, त्याच्यासमोर दोन भाग करून, सीलबंद. म्हणून तुम्ही बाटली भरून नेलीत तर कोर्टात ती टिकणार नाही. पण कोणत्या वारी, किती वाजता, पाण्याचा रंग कसा, वास कसला, अशी दोन महिन्यांची नोंद असेल तर त्याच वेळेला या असं तुम्ही लेखी मागू शकता. अकरा दिवसांनी दुपारी तीनला आलेला माणूस खोटा नव्हता, त्याला वेळच कोणी सांगितली नव्हती.

नासर्डीकाठ

काका, हे मला चार कार्यालयांत कोणी सांगितलं नाही. आजपासून वही घालते. आमच्या खिडकीतून पूल दिसतो पण वरचा भाग नाही दिसत, पाणी कुठून सुटतं ते कळणार नाही. कॉलनीतल्या दोघी-तिघींना विचारते, आळीपाळीने जागायला तयार होतील का. रोज एकटीला जमणार नाही, सकाळी डबे असतात.

निफाडचा_बागायतदार

ताई, फवारणीच्या वहीचा कोरा नमुना पाठवतो. तारीख, वेळ, काय दिसलं, कोणी लिहिलं, सही. त्या रकान्यांत तुमचं पण बसेल.

सातपूर_शिफ्ट

दोन दिवस विचार करत होतो लिहू का नको.

पुढच्या सोमवारपासून पंधरा दिवस माझी थर्ड शिफ्ट आहे. जाताना आणि जेवणाच्या सुट्टीत मी वरच्या पुलावर असतो, तिथून दोन्ही पाइप दिसतात. कोणत्या शॉपचा ते मी लिहिणार नाही. पण वेळ आणि रंग लिहून ठेवतो. वही तुम्हाला कुठे आणून देऊ ते व्यनि (खासगी निरोप) करा.